एआरटी सेंटरचा निकाल कोण लावणार?

नांदेडच्या सरकारी दवाखान्याबद्दल आमच्या मोहल्ल्यात कुणी चांगलं बोललेलं मला आठवत नाही. ऑक्टोबर 2023 नंतर तर विषयच संपला. विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयात 24 तासांत 24 मृत्यू झाले, त्यातली 12 नवजात बाळं होती. देशभरच्या वाहिन्यांचे कॅमेरे आले, मंत्री आले, मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. महिनाभर चहाच्या टपरीपासून शादीखान्यापर्यंत औषधखरेदी, रिकाम्या जागा, खाटांची संख्या याच गोष्टी चालल्या होत्या. नंतर त्या थांबल्या.

त्याच सरकारी आरोग्यव्यवस्थेत एक खिडकी मात्र अशी आहे की जिच्याबद्दल मोहल्ल्यात चांगलंही कुणी बोलत नाही आणि वाईटही नाही. तिथून दर महिन्याला, कधी दोन-तीन महिन्यांतून एकदा, गोळ्यांची बाटली मिळते. पैसे पडत नाहीत. ती बाटली न चुकता घेतली तर माणूस जगतो, कमावतो, लेकरं मोठी करतो. नांदेड आणि लातूर, दोन्हीकडच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत एचआयव्हीच्या औषधोपचाराचं केंद्र आहे. लोक त्याला एआरटी सेंटर म्हणतात. म्हणजे ज्यांना तिथे जावं लागतं ते म्हणतात, बाकीच्यांना ते कुठे आहे हेसुद्धा ठाऊक नसतं.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. बी.एड.ला मूल्यमापनावर एक पेपर असतो. त्यात शिकवलं होतं की ज्याने शिकवलं त्यानेच प्रश्नपत्रिका काढली आणि त्यानेच ती तपासली, तर त्या गुणांना मर्यादित अर्थ असतो. म्हणून बाहेरचा परीक्षक लागतो. सरकारी पैशातून चालणाऱ्या या केंद्रांचं मूल्यमापन कोण करतं, हा प्रश्न मला एका बाईमुळे पडला. तिला मी इथे आपा म्हणते. ओळख पटू नये म्हणून तिचे काही तपशील बदलले आहेत. ती माझ्याकडे आली ती अर्ज लिहून घ्यायला. मोहल्ल्यातल्या बायकांसाठी मी तलाठ्याचे, तहसीलचे, बँकेचे अर्ज मराठीत लिहून देते, त्यामुळे अशा बायका येत असतात. हिचा अर्ज संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा होता. रकाना आला, कशामुळे निराधार. ती म्हणाली, "बेवा हूँ, वो लिखो. दुसरा नक्को लिखो."

दुसरं काय ते तिने महिनाभराने सांगितलं.

आपाचा नवरा भिवंडीला लूमवर होता. तो 2008 मध्ये गेला, तेव्हा टीबी सांगितला होता. 2009 मध्ये तिची तपासणी झाली. ती सुदैवी म्हणायची, कारण पाचच वर्षं आधी हे घडलं असतं तर तिच्यासाठी सरकारकडे काहीच नव्हतं. भारतात पहिला एचआयव्ही रुग्ण 1986 मध्ये चेन्नईत सापडला, राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना म्हणजे नाको 1992 मध्ये आली, पण मोफत औषध सुरू झालं ते 1 एप्रिल 2004 रोजी. तेही देशातल्या मोजक्या आठ सरकारी रुग्णालयांत, ज्यात मुंबईचं जे. जे. होतं. म्हणजे मधली बारा वर्षं सरकारने फलक रंगवले, कंडोम वाटले, रक्त तपासलं आणि ज्यांचं रक्त बिघडलेलं निघालं त्यांना घरी पाठवलं. मराठवाड्यातली किती घरं त्या बारा वर्षांत रिकामी झाली याचा हिशेब कुठल्या अहवालात सापडणार नाही. टीबी, कावीळ, "अंगातली उष्णता" अशी त्यांच्या मृत्यूची नावं आहेत.

औषध तेव्हा जगात होतं. श्रीमंत देशांत एका माणसाचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या वर जात होता. 2001 मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसुफ हमीद यांनी तेच तीन औषधांचं मिश्रण वर्षाला 350 डॉलरमध्ये एका जागतिक वैद्यकीय संस्थेला देऊ केलं आणि जगाचं गणित फिरलं. दिवसाला एक डॉलरपेक्षा कमी. आपल्या 1970 च्या पेटंट कायद्यात औषध बनवण्याच्या प्रक्रियेवर पेटंट मिळायचं, खुद्द औषधावर नाही, म्हणून हे जमलं. हमीदांचं नाव मी मुद्दाम घेते. आमच्या मुलांना शास्त्रज्ञ म्हटलं की कलामसाहेबच आठवतात. आफ्रिकेतल्या लाखो घरांत ज्या माणसामुळे चूल पेटती राहिली त्याचं नाव शाळेच्या भिंतीवर मला अजून दिसलेलं नाही.

पण मोफत औषध आलं म्हणजे सगळ्यांना मिळालं असं नव्हतं. रक्तातल्या सीडी-4 नावाच्या पेशी मोजायच्या. त्या 200 च्या खाली गेल्या असतील तरच गोळ्या. पुढे ही रेघ 350 वर आली, मग 500 वर आणि एप्रिल 2017 पासून रेघच काढून टाकली. तपासणीत निघाला की उपचार सुरू. शिक्षिका म्हणून मला ही रेघ चांगली कळते. 35 ला पास. 34 वाला आणि 35 वाला यांच्यात अक्कलेचा फरक नसतो, पण एकाचं वर्ष जातं. इथे उलटं होतं. ज्याची तब्येत बरी तो नापास. अजून आजारी पडून या, मग गोळी देतो. आपा सांगते की तिच्या शेजारच्या बाकावर बसणारी एक बाई दोनदा परत पाठवली गेली आणि तिसऱ्यांदा ती आलीच नाही.

आता गोळ्यांबद्दल, कारण याच्यावर मराठीत कुणी लिहिलेलं मला दिसलं नाही. आपाला सुरुवातीला मिळालेली गोळी दिवसातून दोनदा, बारा-बारा तासांच्या अंतराने घ्यायची होती. वेळ चुकवायची नाही, नाहीतर विषाणू औषधाला सरावतो, हे समुपदेशक दर खेपेला बजावायचे. मग रमजान आला. त्या वर्षांत रमजान मागे सरकत ऐन जुलैत येऊन पोचला होता. नांदेडला जुलैतला रोजा चौदा तासांहून मोठा असतो. इफ्तारला एक गोळी आणि सेहरीला एक म्हटलं तर मधली रात्र साडेनऊ तासांची. बारा तासांचं अंतर बसतच नाही. शरियतमध्ये आजारी माणसाला रोजाची सूट आहे, हे मदरशातल्या दहा वर्षांच्या पोराला माहीत आहे. पण सूट घेतली की सासू विचारणार, कसला आजार? आपाने तीन रमजान स्वयंपाकघराच्या दाराआड गोळी गिळली आणि पाण्याचा ग्लास उपडा करून ठेवला. रोजा धरलाय असं घराला दाखवलं. मला हे सांगताना ती गोळीबद्दल रडली नाही, त्या उपड्या ग्लासाबद्दल रडली.

पुढे रात्रीची एकच गोळी आली. तिने चक्कर यायची, भयानक स्वप्नं पडायची. तेही त्या औषधाचं ठरलेलं लक्षण होतं, पण आपाने आयतुल कुर्सी पढून उशाशी फुंकण्यावर भागवलं. गेल्या काही वर्षांपासून डोल्युटेग्राविर असलेली नवी गोळी आहे, तीही दिवसातून एकदाच. आता रमजानमध्ये ती तरावीहनंतर गोळी घेते आणि पूर्ण रोजे धरते. डॉक्टरांना विचारून. म्हणजे गोळी बदलली आणि एका बाईचा रमजान तिला परत मिळाला. सरकारच्या कुठल्या तक्त्यात या सुधारणेला गुण देणार?

सरकारचा तक्ता काय मोजतो ते पाहू. सगळ्या जगाने 2025 साठी 95-95-95 असं उद्दिष्ट ठरवलं होतं. बाधितांपैकी 95 टक्क्यांना आपला आजार माहीत असावा, त्यातल्या 95 टक्क्यांना औषध सुरू असावं आणि त्यातल्या 95 टक्क्यांच्या रक्तात विषाणू दबलेला असावा. भारताचा 2023 चा निकाल 81-88-97 असा आहे. शेवटचा आकडा पाहून छाती फुगते. 97 टक्के! बोर्डाच्या परीक्षेत असा निकाल लागला तर शाळा बँडबाजा लावते. पण तीन आकड्यांचा गुणाकार करा. शंभरातले 81 जण वर्गापर्यंत आले, त्यातले साधारण 71 परीक्षेला बसले आणि 69 पास झाले. 97 टक्के आहे तो परीक्षेला बसलेल्यांचा निकाल. दाराबाहेर राहिलेल्या एकोणीस जणांची हजेरी त्यात नाही. देशात 25 लाखांहून जास्त लोक एचआयव्हीसह जगत आहेत आणि राज्यांत सर्वांत मोठी संख्या आपल्या महाराष्ट्राची, चार लाखांच्या आसपास. तेव्हा हे एकोणीस टक्के म्हणजे वर्गातली मागच्या बाकावरची चार पोरं नव्हेत.

तरीही मी म्हणेन की 97 हा आकडा खोटा नाही. आपाच्या रक्ताचा नमुना दूरच्या प्रयोगशाळेत जातो, विषाणूंची मोजणी होते आणि गेली काही वर्षं उत्तर एकच येतं, विषाणू आढळला नाही. असा माणूस शरीरसंबंधातून दुसऱ्याला हा आजार देत नाही, हे आता जगभरच्या डॉक्टरांनी मान्य केलं आहे. हे काम कंत्राटी पगारावरच्या माणसांनी केलं आहे. समुपदेशक, लॅबवाले, औषध देणारे, नोंदी ठेवणारे. प्रत्येक केंद्रात एक केअर को-ऑर्डिनेटर असतो किंवा असते, आणि ती व्यक्ती स्वतः एचआयव्हीसह जगणारी असावी असा नियम आहे. ज्याने हा कल्पक नियम केला त्याला माझा सलाम. "मीपण खाते गोळी" या एका वाक्यात जे होतं ते तीन पानी पत्रकात होत नाही. मार्च 2020 च्या लॉकडाऊनमध्ये एसटी बंद, रेल्वे बंद, तेव्हा तीन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम दिल्या गेल्या. घरपोच करणारेही होते.

एवढं चांगलं आहे तर आपा नांदेडची असून गोळी घ्यायला लातूरला का जाते?

"टीचर, नांदेड में सब पैचानते." एवढंच तिचं उत्तर. ज्या रांगेत ती बसायची त्या रांगेसमोरून तिच्या नणंदेच्या गल्लीतला एक वॉर्डबॉय जायचा. त्याने कधी काही म्हटलं नाही. म्हणायची गरजही नव्हती. तिने चिठ्ठी घेऊन नाव लातूरला बदलून घेतलं. नांदेडच्या नोंदीत ती "ट्रान्सफर आउट" झाली, लातूरच्या नोंदीत "ट्रान्सफर इन". दोन्हीकडे उपचार चालू, दोन्हीकडे काहीच बिघडलेलं नाही. आकड्यात ती यशच आहे. सव्वाशे-दीडशे किलोमीटर जायचं, तेवढंच यायचं, एक दिवसाची मजुरी बुडवायची आणि घरी खोटं कारण सांगायचं, हे त्या आकड्यात कुठेच उमटत नाही. मला नंतर कळलं की लातूरकडची माणसं अशीच सोलापूरला किंवा नांदेडला जातात. एकमेकांच्या समोरून जात असतील बिचारी, अहमदपूरच्या बसस्टँडवर.

एसटीत एचआयव्ही बाधितांना साध्या बसमध्ये पूर्ण सवलत आहे. कागदावर ही योजना चांगली आहे. पण सवलत घ्यायची तर प्रमाणपत्र दाखवायचं, आणि दाखवायचं कुणाला, तर भरल्या गाडीत कंडक्टरला. नांदेड-लातूर गाडीत ओळखीचं एकही माणूस नसेल असा दिवस मी तरी पाहिलेला नाही. आपा आता महिलांच्या अर्ध्या तिकिटावर जाते. 2023 पासून सगळ्याच बायकांना अर्धं तिकीट लागतं, त्यामुळे काही सिद्ध करावं लागत नाही. आजाराच्या नावाने दिलेल्या पूर्ण सवलतीपेक्षा सगळ्यांना दिलेली अर्धी सवलत तिला जास्त कामाची ठरली. योजना आखणाऱ्यांनी या एका गोष्टीवर तासभर बसून विचार करावा.

अनुदानाचंही तेच. संजय गांधी योजनेत एड्सग्रस्त हा वेगळा गट आहे, महिना दीड हजार रुपये. विधवा म्हणूनही तेवढेच मिळतात. आपाने विधवा लिहिलं. तहसीलच्या हिशेबात एचआयव्हीबाधित लाभार्थी एकाने कमी झाला. उद्या कुणी संशोधक येऊन म्हणेल की मुस्लिम बायका या योजनेचा लाभ घेत नाहीत, जागृती कमी आहे. जागृती भरपूर आहे हो. तिला तलाठी कोण, त्याचा मेहुणा कोण, हेही माहीत आहे.

जे काम सरकारी केंद्राच्या खिडकीतून होत नाही ते कुठे होतं, हे पाहायचं तर लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातलं हासेगाव. रवी बापटले यांनी 2007 मध्ये तिथे सेवालय सुरू केलं, एचआयव्हीसह जगणाऱ्या अनाथ मुलांसाठी. सरकारी केंद्र गोळी देतं, पण रात्री नऊ वाजता आठ वर्षांच्या मुलाच्या तोंडात ती गोळी घालायला घर लागतं. ते घर देणाऱ्या संस्था मराठवाड्यात आणि आसपास लोकांच्या देणग्यांवर उभ्या आहेत. बीडजवळ पालीला बारगजे दांपत्याचं इन्फंट इंडिया, पंढरपूरला मंगलताई शहांची पालवी. सेवालयाच्या सुरुवातीच्या वर्षांत ही मुलं गावच्या जिल्हा परिषद शाळेत घातली तेव्हा बाकीच्या पालकांनी आपली मुलं काढून घेतली होती. शाळा, शिक्षक, फळा सगळं जागेवर आणि वर्ग रिकामा. मी शिक्षिका आहे म्हणून असेल, हे चित्र मला सोडत नाही. आज तीच मुलं वाद्यवृंद घेऊन गावोगाव कार्यक्रम करतात, काहींची लग्नंही सेवालयातच झाली. आमच्या समाजात यतीमखान्यांची कमी नाही, जकातीचा पैसा तिथे जातोही. त्यातल्या किती जणांचं दार अशा मुलासाठी उघडं आहे, ते रमजानमध्ये पावती फाडताना विचारून बघा.

कायदा आहे. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा 2017 मध्ये झाला, 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झाला. संमतीशिवाय तपासणी नाही, नाव फोडायचं नाही, नोकरी, शाळा, दवाखाना, भाड्याचं घर यांत भेदभाव नाही. वीस किंवा जास्त माणसं काम करतात अशा प्रत्येक दवाखान्यात तक्रार अधिकारी हवा. राज्यात लोकपाल हवा आणि त्याने तीस दिवसांत निर्णय द्यायला हवा. आपाचं मागे एका खासगी दवाखान्यात छोटं ऑपरेशन होतं. गावाचं नाव लिहीत नाही. तिच्या फाइलच्या वरच्या कव्हरवर लाल शाईने तीन अक्षरं लिहिलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली, फाइल खाटेच्या पायथ्याशी लटकवलेली होती. मी काउंटरवर जाऊन तक्रार अधिकारी कोण असं विचारलं. तिथल्या मुलीला प्रश्नच कळला नाही. तिने मला बिलाच्या तक्रारीचा फॉर्म दिला. तक्रार पुढे न्यायला आपाने मला मनाई केली, कारण तक्रारीवर नाव लिहावं लागतं. फाइलचं कव्हर मात्र मी त्यांच्याकडून बदलून घेतलं.

याच कायद्यात औषधाच्या कलमात एक शब्दप्रयोग आहे, "शक्य असेल तिथवर". सरकार शक्य असेल तिथवर तपासणी आणि औषध पुरवील. विधेयक चर्चेत होतं तेव्हा बाधितांच्या संघटनांनी या तीन शब्दांना जोरदार विरोध केला होता. शब्द राहिले. 2022 च्या जुलै-ऑगस्टमध्ये देशात काही औषधांचा तुटवडा झाला, महिन्याऐवजी आठवड्याच्या गोळ्या मिळू लागल्या, तेव्हा दिल्लीत नाकोच्या कार्यालयाबाहेर बाधित लोक महिनाभराहून जास्त काळ धरणं धरून बसले. चेहरे न झाकता. माझ्या मते या व्यवस्थेचं आजवरचं सर्वांत प्रामाणिक बाह्य मूल्यमापन ते होतं. सुप्रीम कोर्टाने नंतर सरकारला नोटीस काढली.

आमच्याकडचं काय? आमच्या मोहल्ल्यात जुम्म्याच्या बयानमध्ये या आजाराचं नाव ऐकलं ते फक्त गुनाहच्या यादीत. आपाने कुठला गुनाह केला ते मला कुणी सांगावं. निकाह केला, हाच काय? तिची सर्वांत मोठी भीती मरणाची नाही, मय्यतीच्या गुस्लची आहे. आपल्याला आंघोळ घालायला कुणी पुढे येईल का, की प्लास्टिकमध्ये गुंडाळून तसंच दफन करतील? मी तिला सांगितलं की हातमोजे घालून, उघड्या जखमा झाकून, नेहमीची काळजी घेऊन गुस्ल देता येतो, मी देईन. ती म्हणाली, आधी तुम्ही गेलात तर? आम्ही दोघी हसलो. आमच्या गल्लीत गुस्ल देणाऱ्या दोन बायकांना मी नाव न घेता हे शिकवलं. कोविडनंतर त्यांना हातमोज्यांची सवय आहे, त्यामुळे अवघड गेलं नाही. एका मौलानांना भेटून बयानमध्ये "बीमार की पर्दादारी" हा विषय घ्या म्हटलं. त्यांनी घेतला, आजाराचं नाव न घेता. तेवढंही चालेल.

एआरटी सेंटरचे गुण आता मी आपालाच द्यायला सांगितले. बी.एड.च्या भाषेत याला लाभार्थ्याकडून मूल्यमापन म्हणतात, मी तिला म्हटलं, समजा तुम्ही परीक्षक आहात. तिने बराच विचार केला. औषध पूर्ण मिळतं का, याला दहापैकी नऊ, एक 2022 चा कापला. बोलण्याची पद्धत आठ, "पैले डांटते थे, अब नै". बसायची जागा तीन. पत्रकं सगळी मराठीत, उर्दूत काही नाही, म्हणून भाषेला पाच. मग मी विचारलं, तुमचं नाव सुरक्षित आहे असं वाटतं का? याला किती? ती म्हणाली, हे केंद्राला विचारताय की मोहल्ल्याला? केंद्राला दहा देते. दुसऱ्याचे गुण तिने सांगितले नाहीत.

तिची मुलगी एकवीस वर्षांची आहे, तपासणीत कधीच काही निघालं नाही. तिच्यासाठी स्थळं येत आहेत. मुलाकडच्यांना आईबद्दल सांगायचं का, यावर आमचं दोघींचं एकमत नाही. मी म्हणते, मुलीला आधी सांगा, पुढचं तिला ठरवू द्या. आपा म्हणते, निकाहनंतर. मुलीला अजून वाटतं की अम्मी शुगरची गोळी घेते.

ज्यांना स्वतःसाठी किंवा घरातल्या कुणासाठी काही विचारायचं आहे त्यांनी 1097 या नंबरवर फोन करावा, पैसे लागत नाहीत आणि नावही सांगावं लागत नाही. आपाची पुढची तारीख शाळेच्या सुट्टीत येते. माझं माहेर लातूरचं आहे, त्यामुळे घरी सांगायला आमच्याकडे कारण आहे. सकाळी सातच्या गाडीने निघू.